निघायचे कधी, हे शांत दिवशी ठरवावे

वाचकाचे पत्र: मी गोव्यातल्या साखळी गावचा, वय २७. पणजीत हॉटेल व्यवस्थापन शिकलो आणि गेली दोन वर्षे काठमांडूतील एका हॉटेलच्या बेकरी विभागात काम करतो. गेल्या वर्षी चवथ (गणेश चतुर्थी) करून परत गेलो आणि आठवडाभरातच ८ आणि ९ सप्टेंबर २०२५ चा, तरुणांच्या मोर्चावर गोळीबाराचा आणि मग जाळपोळीचा, तो प्रकार घडला. पाच दिवस खोलीतून बाहेर पडलो नाही. पुढे हॉटेल बंद राहिले म्हणून घरी आलो. आता हॉटेलने परत बोलावले आहे आणि तिथे ५ मार्च २०२६ ला निवडणूक जाहीर झालेली आहे. आई जाऊ द्यायला तयार नाही. माझ्या विभागातले सहकारी त्या दिवशी मला मोर्चाला चल म्हणत होते. मी गेलो नाही. त्यांच्यापैकी एकाच्या भावाच्या पायाला गोळी लागली. त्याला तोंड कसे दाखवू, हे कळत नाही. मी परत जावे का? आणि गेलो, तर अशा शहरात परक्या माणसाने राहावे कसे?

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोन वेळा वाचले. तुम्ही विचारलेले प्रश्न दोन असले, तरी पत्रात एक तिसरा प्रश्नही आहे आणि तुमची झोप बहुधा त्यानेच उडवली आहे: मित्राचा भाऊ रस्त्यावर जखमी होत असताना आपण दार लावून बसलो, हे योग्य होते का? त्याकडे मी शेवटी येईन. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र आधीच देते. तुम्ही परत जावे, पण मतदानाच्या आधी जाऊ नये. मतदान, मतमोजणी आणि नवे सरकार बसण्याचे दिवस अशा शहरात सर्वांत अस्थिर असतात, आणि नेमक्या त्या दिवसांत नव्याने जाऊन पोहोचण्यात काहीच लाभ नाही. मार्चअखेर रुजू होण्याची मुभा हॉटेलकडे लेखी मागा. दोन-तीन आठवड्यांची सवलत मागितल्याने चांगला मालक नाराज होत नाही, आणि तेवढ्यावरून नाराज होणारा मालक संकटात तुमच्या पाठीशी उभा राहील, अशी आशाही धरता येत नाही.

आता आईच्या भीतीविषयी. तिने टीव्हीवर जळणाऱ्या इमारती पाहिल्या आणि तिच्या मनात सगळे काठमांडू तसेच जळत राहिले आहे. म्हणून त्या दिवसांचा क्रम तुम्ही एकदा तिच्यासमोर बसून कागदावर लिहा. ४ सप्टेंबरला तिथल्या सरकारने २६ समाजमाध्यमांवर बंदी घातली. व्हॉट्सअ‍ॅप त्यांतच होते, त्यामुळे घराशी रोजचे बोलणे तुटले आणि तिची काळजी खरे तर तेव्हापासूनच सुरू झाली असणार. ८ तारखेला भ्रष्टाचार आणि बंदी या दोन्हींविरुद्ध तरुण मुले माइतीघरहून नया बानेश्वरच्या संसद भवनाकडे निघाली, गोळीबार झाला आणि त्या एका दिवसात देशभरात १९ जण मारले गेले. बंदी त्याच रात्री उठली, पण तोवर उशीर झाला होता. ९ तारखेला पंतप्रधान के. पी. शर्मा ओली यांनी राजीनामा दिला, संसद भवन आणि सरकारचे मुख्य सचिवालय असलेला सिंहदरबार पेटवले गेले, विमानतळ बंद झाला आणि रात्री सैन्याने शहर ताब्यात घेतले. १० तारखेच्या संध्याकाळी विमानतळ पुन्हा उघडला आणि १२ तारखेला माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की यांनी हंगामी पंतप्रधान म्हणून शपथ घेतली. एकूण मृतांचा आकडा सत्तरच्या पुढे गेला. ही हानी लहान नव्हे आणि तिला लहान लेखण्यासाठी मी हा क्रम सांगत नाही. आईला यातून दिसावे ते एवढेच की सर्वांत घातक काळ दीड-दोन दिवसांचा होता आणि त्या काळात तिचा मुलगा दारे-खिडक्या लावून आत होता, हेच योग्य झाले.

याची दुसरी बाजू तुमच्यासाठी आहे. समजा, ९ तारखेला दुपारी तुम्ही घाबरून सामान बांधले असते, तर गेला असता कुठे? विमानतळ बंद होता. रस्त्याने रक्सौल किंवा सुनौली ही भारताच्या सीमेवरची ठिकाणे गाठायची, तर जाळपोळ चालू असलेल्या वस्त्यांतून आणि महामार्गांवरून जावे लागले असते, आणि त्याच सुमारास देशभरच्या तुरुंगांतून तेरा हजारांहून अधिक कैदी पळाले होते. उद्रेकाच्या ऐन भरात परक्या माणसाने केलेला प्रवास हा बसून राहण्यापेक्षा बहुतेक वेळा अधिक धोक्याचा असतो. निघायचे असेल, तर भडका उडण्याआधी निघावे, नाही तर तो बसल्यावर. मधल्या काळात जागा सोडू नये. अपवाद एकच, तो म्हणजे तुम्ही असाल ती इमारतच पेटण्याची शक्यता असेल तेव्हाचा.

हा अपवाद तुमच्या बाबतीत महत्त्वाचा आहे, कारण तुम्ही हॉटेलात काम करता. मोठी, उंच, पहारेकरी असलेली इमारत म्हणजे सुरक्षित जागा, असा आपला समज असतो. काठमांडूत ९ सप्टेंबरला उलटे घडले. हिल्टनची उंच इमारत जळाली, आणि दुसऱ्या एका मोठ्या हॉटेलला आग लावल्यावर तिथे उतरलेल्या, पशुपतिनाथाच्या दर्शनाला भारतातून गेलेल्या एका स्त्रीचा वरच्या मजल्यावरून खाली उतरण्याच्या प्रयत्नात मृत्यू झाला. जमावाचा राग सत्तेवर आणि संपत्तीवर असतो तेव्हा त्याचे डोळे आधी चकचकीत इमारतींकडे वळतात. गल्लीतल्या साध्या तीन मजली घराकडे कुणी पाहत नाही. म्हणून रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात बेकरीतून मागच्या गल्लीत उघडणारे दार कोणते, ते रात्री कुलूपबंद असते का, किल्ली कुणाकडे असते, हे पाहून ठेवा. आणि संचारबंदीच्या काळात ‘हॉटेलातच मुक्काम कर’ असे कुणी आग्रहाने म्हटले, तरी आपल्या खोलीची आणि हॉटेलची तुलना करूनच हो म्हणा.

येथे मला माझी एक आठवण सांगावीशी वाटते. डिसेंबर १९८६ मध्ये गोव्यात कोकणीला राजभाषा करावी, यासाठीचे आंदोलन पेटले होते. मी तेव्हा फोंड्याहून मडगावला येऊन खोली घेऊन राहत होते आणि एका शाळेत शिकवत होते. मी गोव्याचीच, कोकणी घरात ऐकत वाढलेली, तरी माझे वाचन मराठी, लेखन मराठी, आणि त्या महिन्यात मडगावात तेवढ्यानेच मी परकी ठरत होते. रस्ते अडवले गेले, हिंसाचार झाला, माणसे मेली. माझ्या घरमालकीण ख्रिस्ती होत्या आणि आंदोलनाच्या ठाम समर्थक होत्या. एका सकाळी त्या माझ्या दारात आल्या आणि म्हणाल्या, “आयज भायर सरूं नाका, बाय.” (आज बाहेर पडू नका.) संध्याकाळी पाव आणि ताटलीभर भाजी घेऊन परत आल्या. त्यांचे आणि माझे मत त्या दिवशीही जुळत नव्हते आणि पुढेही जुळले नाही. पण त्याआधी दीड वर्ष आम्ही एकाच विहिरीवर पाणी भरले होते, त्यांच्या नातवाचे गणित मी घेतले होते, आणि वाड्यावर, म्हणजे त्या वस्तीत, मला सगळे ओळखत होते. त्या काही दिवसांत मला कायद्याने किंवा पोलिसांनी जेवढे सांभाळले, त्याहून अधिक त्या ओळखीने सांभाळले. परक्याला संरक्षण मिळते ते त्याच्या वाड्याकडून, आणि वाड्याशी ओळख करून घेण्याचे दिवस शांततेचे असतात.

काठमांडूत तुमचा वाडा म्हणजे तुमचा टोल, तिथली वस्ती. तुम्ही पत्रात सहकाऱ्यांविषयी लिहिले आहे. घरबेटींविषयी, म्हणजे घरमालकांविषयी, शेजाऱ्यांविषयी, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाविषयी एक ओळही नाही. हॉटेलातल्या पाळ्यांमुळे माणूस रात्री येतो आणि सकाळी झोपतो, हे मी समजू शकते. पण दोन वर्षे राहून खालच्या मजल्यावर कोण राहते हे ठाऊक नसेल, तर ती उणीव या वेळी भरून काढा. घरबेटींना आपल्या घरचा पत्ता आणि वडिलांचा क्रमांक द्या, त्यांचा क्रमांक आईकडे द्या. दसऱ्याला, त्यांच्या दशैंला, त्यांच्या घरी जा आणि कपाळाला टीका, म्हणजे टिळा, लावून घ्या. नेपाळी तुम्हाला कामापुरती येते, असे पत्रावरून वाटते. ती दुकानात, बसथांब्यावर, वडा (प्रभाग) कार्यालयात सहज बोलता येईल एवढी करा. संचारबंदीचा आदेश जिल्हा प्रशासन कार्यालय काढते आणि त्यात कोणत्या चौकापासून कोणत्या चौकापर्यंत हे नेमके लिहिलेले असते. तो आदेश देवनागरीतच असतो, तुम्हाला अक्षरे वाचता येतातच. अर्थ लागला, तर कुणाच्या सांगोवांगीवर अवलंबून राहावे लागणार नाही.

सांगोवांगीचे सांगते, कारण काठमांडूत परक्यांवर आलेली काही मोठी संकटे अफवेतून किंवा दूरच्या घटनेतून आली आहेत. डिसेंबर २००० मध्ये हृतिक रोशन याने नेपाळी लोकांविषयी वाईट बोलल्याची अफवा उठली. त्याने ती नाकारली, तरी भारतीयांच्या दुकानांवर हल्ले झाले आणि काही जीव गेले. १ सप्टेंबर २००४ ला इराकमध्ये १२ नेपाळी कामगारांची हत्या झाल्याचे कळताच काठमांडूत मशिदीवर, परदेशी नोकऱ्या देणाऱ्या कार्यालयांवर आणि आखाती विमान कंपनीच्या कचेरीवर जमाव तुटून पडला. ज्यांना मार बसला, त्यांचा त्या हत्येशी काडीचाही संबंध नव्हता. २०१५ चा भूकंप आठवा; आपल्या वृत्तवाहिन्यांच्या वागण्याचा तिथे इतका राग आला की भारतीय माध्यमांनी परत जावे, अशी मोहीमच समाजमाध्यमांवर चालली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सीमेवरची मालवाहतूक अडली, महिनोन्‌महिने पेट्रोल आणि स्वयंपाकाचा गॅस मिळेना, आणि तो राग तिथे राहणाऱ्या साध्या भारतीयांना ऐकून घ्यावा लागला. दिल्लीत काय ठरले किंवा एखाद्या वाहिनीवर कोण काय बोलले, याचा जाब तुम्हाला चहाच्या टपरीवर विचारला जाईल. तेव्हा आपल्या सरकारची वकिली करू नका आणि निंदाही करू नका. “मी बेकरीत काम करतो, दाइ (दादा), तुमचा त्रास मला दिसतो” एवढे बोलणे पुरेसे आहे आणि ते खरेही आहे.

मोर्चाचा प्रश्न येथेच येतो. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे तुम्हाला तिथे व्हिसाशिवाय राहता येते आणि काम करता येते. एवढी मोकळीक भारतीयाला फार थोड्या देशांत आहे. पण राहण्याचा आणि कमावण्याचा हक्क म्हणजे त्या देशाचे सरकार ठरवण्याचा हक्क नव्हे. तुम्ही मोर्चात गेला असता, तर फक्त तुमचाच जीव धोक्यात आला नसता. एक भारतीय तरुण पकडला गेला, एवढ्यावरून ‘यामागे बाहेरचा हात आहे’ असे म्हणायला कुणालाही निमित्त मिळाले असते, आणि त्या मुलांच्या स्वतःच्या आंदोलनाला तो डाग लागला असता. तुम्ही गेला नाहीत, यात भित्रेपणा होता असे मला वाटत नाही. मोबाइलवर चित्रण करणे, मोर्चाची छायाचित्रे पुढे पाठवणे, यांनाही हाच नियम लावा. चित्रणात चेहरे असतात, आणि उद्या ती कुणाच्या हाती लागतील हे सांगता येत नाही.

व्यवहाराच्या गोष्टी थोडक्यात सांगते. विमानाने जाताना पारपत्र किंवा निवडणूक ओळखपत्र लागते. तुमच्या वयाला आधार कार्ड त्यासाठी चालत नाही. दोन्ही मूळ कागद तुमच्याजवळच असू द्या, हॉटेलच्या कपाटात ठेवायला देऊ नका. झेरॉक्स प्रती आईकडे ठेवा. लैंचौर येथील भारतीय दूतावासात आपली नोंद करा आणि त्यांच्या मदत क्रमांकाची नोंद मोबाइलखेरीज कागदावरही ठेवा. आपल्याकडे पणजीत अनिवासी भारतीय व्यवहारांचे आयुक्तालय आहे. तुम्ही कुठे राहता, कुठे काम करता, हे वडिलांनी तिथे कळवून ठेवावे. नेपाळ टेलिकॉम आणि एनसेल, या दोन्ही मोबाइल कंपन्यांचे सिम जवळ बाळगा. त्या बंदीत व्हॉट्सअ‍ॅप गेले, पण नोंदणी केलेले व्हायबर चालू राहिले होते, म्हणून आईच्या मोबाइलमध्ये दुसरे एखादे माध्यम आजच घालून द्या आणि साधा परदेशी कॉल लावायलाही शिकवा. खोलीत आठ दिवस पुरेल एवढा चिउरा (पोहे), डाळ, तांदूळ, पाण्याचे दोन भरलेले जार आणि लागणारी औषधे असावीत. संचारबंदीत एटीएम निरुपयोगी होते, म्हणून पंधरा दिवसांचा खर्च नेपाळी नोटांत वेगळा ठेवा. परतीच्या तिकिटाएवढे पैसे मात्र आपल्या इथल्या बँकेत असावेत, म्हणजे वडील साखळीतूनही तिकीट काढू शकतील.

यापुढचे काम सर्वांत अवघड आहे आणि ते तुम्ही जाण्याआधी करायचे आहे. कोणत्या परिस्थितीत आपण परत यायचे, हे आई-वडिलांबरोबर बसून लिहून काढा. माझ्या मते त्यात या गोष्टी असाव्यात: दूतावासाने भारतीयांना देश सोडण्याची सूचना दिली, तर दुसऱ्या दिवशीचे विमान, भारतीय म्हणून तुमच्या टोलात कुणाला धमकी मिळाली किंवा मारहाण झाली, तर वाट न पाहता निघणे, आणि सलग एक महिना पगार थकला, तर कसलाही उद्रेक नसला तरी परत येणे. शेवटची अट वाचून तुम्हाला नवल वाटेल. पण अशांत शहरात अडकलेली अनेक माणसे थकलेल्या पगाराच्या आशेने थांबलेली असतात. १९९० मध्ये इराकच्या आक्रमणानंतर कुवेतहून आलेल्या माणसांची घरे गोव्यात जागोजाग आहेत. आमच्या नात्यातल्या एका गृहस्थांनी कुवेत ते अम्मान प्रवास कसा केला, हे मी त्यांच्या तोंडून ऐकले आहे. एअर इंडियाने त्या वेळी पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीयांना अम्मानहून परत आणले. त्या आक्रमणाची आगाऊ कल्पना सामान्य माणसाला असणे शक्य नव्हते, हे खरे, पण ते गृहस्थ शेवटपर्यंत म्हणत, “पैसे अडकले नसते, तर मी जुलैतच रजेवर येणार होतो.” अटी लिहिलेला कागद घरात असला की ऐन वेळी घाबरलेल्या मनाला निर्णय घ्यावा लागत नाही; तो आधीच झालेला असतो.

त्याच कागदावर आईसाठीही एक अट असू द्या. रोज ठरलेल्या वेळी, तुमच्या पाळीनंतर, एक फोन. तो चुकला, तर तिने घरबेटींना लावायचा, आणि तिथूनही कळले नाही तरच दूतावासाला. दर तासाला वाजणाऱ्या फोनने तिची काळजी शमत नाही, आणि तुमच्या मोबाइलची बॅटरी मात्र संपते. शिवाय तिला एक गोष्ट करायला सांगा, असे मी मनापासून सुचवते. गोव्यातल्या हॉटेलांत, किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये, रात्रीच्या पहाऱ्यावर नेपाळी मुले आहेत. सप्टेंबरात तीही इथे मोबाइल हातात घेऊन आपल्या आई-बापांचा आवाज शोधत होती. साखळीच्या बाजारात किंवा जवळच्या एखाद्या हॉटेलात असा मुलगा तिला नक्की भेटेल. त्याला घरी बोलावून जेवू घालावे आणि त्याच्या गावात आता कसे आहे, हे विचारावे. काठमांडू हे आज तिच्यासाठी फक्त आगीचे चित्र आहे. त्या मुलाशी बोलल्यावर तिथेही कुणाची तरी आई फोनची वाट पाहत बसते, हे तिला कळेल, आणि कदाचित ती तुम्हाला अधिक सहज निरोप देऊ शकेल.

आता तुमचा सहकारी. त्याला तोंड कसे दाखवू, असे तुम्ही विचारता, म्हणजे त्याने तुम्हाला दोष दिला आहे असे तुम्ही धरून चालला आहात. पत्रात त्याचा एकही कठोर शब्द तुम्ही लिहिलेला नाही. मला वाटते, खरी चूक झाली असेल तर ती मोर्चाला न जाण्याची नाही. नंतरच्या आठवड्यांत त्याच्या भावाची चौकशी न करण्याची आहे. संकोचाने माणूस दूर राहतो, आणि समोरच्याला तो बेपर्वाईने दूर राहिल्यासारखा दिसतो. मार्चपर्यंत थांबू नका. हे उत्तर वाचून झाल्यावर आज संध्याकाळीच त्याला फोन करा आणि मोर्चाचा विषय न काढता भाऊ चालू लागला का, एवढेच विचारा. जखम पायाची आहे. उपचार, व्यायाम आणि बुडालेली मजुरी हे सारे अजून चालू असण्याची शक्यता आहे. तुम्हाला झेपेल तेवढी रक्कम त्याच्या हातात ठेवता आली, तर ठेवा, आणि हे हॉटेलात कुणालाही सांगू नका. परत गेल्यावर पहिल्या सुट्टीच्या दिवशी त्याच्या घरी जा. आईने दिलेले काजू आणि दोदोल ही आपली मिठाई बरोबर न्या. भाऊ बोलू लागला, तर ऐका. त्याला कुठे उभे असताना गोळी लागली, हे त्याला सांगावेसे वाटेल. तुम्ही त्या दिवशी कुठे होता, असे त्याने विचारले, तर खोलीत होतो आणि घाबरलो होतो, असे सांगा.